ख्रिस्ती सिद्धांतांचा अग्रक्रम कशावरून ठरावा?

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. 2011च्या जनगणनेनुसार तो सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होता. एवढ्या लहान समाजात रोमन कॅथलिक आहेत, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्या आहेत, मेथॉडिस्ट आहेत, सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट आहेत, पेंटेकॉस्टल आणि कोणत्याही जुन्या पंथाशी न जोडलेल्या स्वतंत्र मंडळ्याही आहेत. वेगवेगळ्या परंपरा असणे हे मुळात वाईट नाही. पण या मंडळ्यांत शिकवणीचा भर कोठे पडतो हे लक्षपूर्वक पाहिले, तर एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. जो सिद्धांत आपल्या मंडळीला शेजारच्या मंडळीपासून वेगळे करतो, तोच तिच्या शिकवणीत हळूहळू सर्वांत मोठा होत जातो. कोठे तो बाप्तिस्म्याच्या पद्धतीचा असतो, कोठे अन्य भाषांत बोलण्याच्या कृपादानाचा, कोठे शब्बाथाच्या दिवसाचा, तर कोठे मरियेच्या सन्मानाचा. येशू मरणातून उठला याविषयी सर्वांचे एकमत आहे, आणि एकमत आहे म्हणूनच की काय, त्या सत्याच्या वाट्याला वर्षाकाठी ईस्टरचा एक रविवार येतो.

हा क्रम उलटा आहे, असे माझे ठाम मत आहे. एखादा सिद्धांत आपल्याला कोणापासून वेगळे करतो यावरून त्याचे महत्त्व ठरू नये. येशू ख्रिस्त कोण आहे आणि त्याच्या मरणाने व पुनरुत्थानाने देवाने काय केले, या मध्यबिंदूशी तो किती जवळून जोडलेला आहे यावरून ते ठरले पाहिजे. हे ऐकायला सोपे वाटते, परंतु ही जवळीक सिद्धांताच्या नुसत्या नावावरून ओळखता येत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कित्येक प्रामाणिक विश्वासणारे म्हणतात की पवित्र शास्त्रातील प्रत्येक वचन देवाचे आहे, मग त्यातील शिकवणीला मुख्य आणि दुय्यम असे दर्जे देणारे आपण कोण? या आक्षेपामागे शास्त्राविषयीचा आदर आहे आणि त्याची मी कदर करतो. पण हा भेद शास्त्र स्वतःच करते. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू परूश्यांना सांगतो की तुम्ही पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशमांश देता, परंतु नियमशास्त्रातील अधिक महत्त्वाच्या गोष्टी, म्हणजे न्याय, दया व विश्वास, तुम्ही सोडून दिल्या आहेत. त्याच दमात तो हेही सांगतो की या गोष्टी करायच्या होत्या, आणि त्याही सोडायच्या नव्हत्या. म्हणजे दशमांश रद्द झाला नाही, त्याची जागा ठरली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल आपण पोहोचवलेल्या शिकवणीतील मुख्य गोष्टी वेगळ्या काढून सांगतो: ख्रिस्त शास्त्राप्रमाणे आपल्या पापांबद्दल मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि साक्षीदारांना दिसला. हाच पौल रोमकरांस लिहिताना मांस खाणारे व फक्त शाकभाजी खाणारे, एक दिवस विशेष मानणारे व सर्व दिवस सारखे मानणारे, या सर्वांना एकमेकांचा स्वीकार करण्यास सांगतो. ज्याला क्रम लावणे अनादराचे वाटते, त्याने हे उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

रोमन कॅथलिक चर्चनेही हे तत्त्व अधिकृतपणे मांडलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयी जो आदेश प्रसृत केला, त्यात सत्यांची एक श्रेणी असते आणि विश्वासाच्या पायाशी प्रत्येक सत्याचे नाते सारखे नसते, असे म्हटले आहे. म्हणजे सर्व सिद्धांत सत्य मानणारे चर्चदेखील ते सर्व सारख्या वजनाचे मानत नाही. खरे असणे आणि पायाशी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि एवढे जरी आमच्या मंडळ्यांनी मनावर घेतले तरी अनेक वादांतील कडवटपणा ओसरेल.

मध्यबिंदूशी जोडलेला सिद्धांत कसा ओळखावा, याचे सर्वांत ठळक उदाहरण नायसियाचे आहे. इसवी सन 325 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने आजच्या तुर्कस्तानातील या गावी बिशपांची परिषद बोलावली. अलेक्झांड्रियाचा एक धर्मगुरू, एरियस, असे शिकवत होता की पुत्र हा सर्व सृष्टीच्या आधी निर्माण झालेला, सर्वश्रेष्ठ, पण शेवटी निर्माण झालेलाच आहे. तो नव्हता असाही काळ होता. वरवर पाहता हा तत्त्वज्ञांचा वाद वाटतो. एरियस येशूचा अपमान करीत नव्हता, त्याची उपासना बंद करा असेही म्हणत नव्हता. तरीही पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झालेल्या अथनेशियसने या एका प्रश्नासाठी पाच वेळा हद्दपारी सोसली, ती का? कारण वधस्तंभावर मरणारा जर देव नसून देवाने निर्माण केलेला कोणी थोर प्रतिनिधी असेल, तर देवाने स्वतः आपल्यासाठी काहीच दिले नाही. त्याने दुसऱ्या कोणाला पाठवले, एवढेच उरते. मग देव प्रीती आहे हे योहानाचे वाक्य पोकळ ठरते, आणि पापी मनुष्य देवाशी जोडला गेला आहे या विश्वासालाही आधार राहत नाही. येथे एक सिद्धांत काढला की तारणाची सगळी मांडणी ढासळते. पहिल्या दर्जाचा सिद्धांत ओळखण्याची माझी कसोटी हीच आहे. तो नाकारला तर सुवार्ता, सुवार्ता म्हणून उरते का, एवढेच पाहावे. पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एकच देव), ख्रिस्ताचे देहधारण, त्याचे प्रायश्चित्ताचे मरण, त्याचे सदेह पुनरुत्थान आणि कृपेने मिळणारी पापक्षमा हे या कसोटीला उतरतात.

याच कसोटीने पाहिले तर पवित्र आत्मा केवळ पित्यापासून निघतो की पित्यापासून आणि पुत्रापासून, हा पूर्व आणि पश्चिमेच्या मंडळ्यांना शतकानुशतके छळणारा प्रश्न पहिल्या दर्जाचा ठरत नाही. तो अभ्यासण्याजोगा जरूर आहे. पण त्यावर वेगवेगळी मते असणारे दोघेही त्याच आत्म्याची उपासना करतात.

विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत म्हणायची विश्वासाची संक्षिप्त कबुली, तेवढा पाठ केला की अग्रक्रमाचा प्रश्न सुटला, असे मात्र कोणी समजू नये. आपण उपासनेत म्हणतो तो नायसियाचा विश्वासांगीकार 381 मधील कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेशी निगडित रूपातला आहे, आणि प्रेषितांचा विश्वासांगीकारही पिढ्यानपिढ्या आपल्या ओठांवर आहे. दोन्ही अमूल्य आहेत. पण दोन्हींत कुमारी मरियेच्या पोटी झालेल्या जन्मानंतर एकदम पंतय पिलाताच्या वेळचे दुःखभोग येतात. मधला येशू, डोंगरावर शिकवणारा, कुष्ठरोग्याला हात लावणारा, जकातदाराच्या घरी जेवणारा, त्यांत नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे, कारण ज्या मुद्द्यांवर वाद पेटले होते ते मुद्दे त्यांत नोंदले गेले, आणि येशूच्या शिकवणीवर तसा वाद नव्हता. पण परिणाम असा झाला की शत्रूवर प्रीती करा, दोन धन्यांची सेवा करता येत नाही, या आज्ञा सिद्धांतांच्या यादीबाहेरच्या आहेत असे विश्वासणाऱ्यांना नकळत वाटू लागले. ज्याच्या देवपणाची कबुली आपण देतो त्याचे म्हणणे दुय्यम मानणे ही मोठी विसंगती आहे.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेऊ. 1529 मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली या दोन प्रॉटेस्टंट सुधारकांची भेट झाली. पंधरा कलमांपैकी चौदांवर त्यांचे एकमत झाले. त्रैक्य, देहधारण, मूळ पाप, विश्वासाने नीतिमान ठरणे, सर्व काही त्यात आले. उरले ते प्रभुभोजनात, म्हणजे भाकरी व द्राक्षारसाच्या विधीत, ख्रिस्ताची उपस्थिती कोणत्या प्रकारची असते हे, आणि त्या पंधराव्या कलमातही बऱ्याच गोष्टी दोघांना मान्य होत्या. तरीही ल्यूथरने झ्विंग्लीला बंधू म्हणून हात देण्याचे नाकारले. ल्यूथरच्या भीतीत तथ्य होते, कारण ख्रिस्ताचे शब्द आपण सोयीने पातळ करू लागलो तर थांबायचे कोठे, हा त्याचा सवाल आजही विचारण्यासारखा आहे. पण त्याचा निर्णय मला चुकीचा वाटतो. भाकरीत ख्रिस्त कसा येतो याविषयी मतभेद असलेले ते दोघे, तो येतो आणि क्षमा देतो याविषयी जेवढे एक होते, त्या एकतेला त्याने काहीच वजन दिले नाही. याउलट 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांताविषयी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. ज्या सिद्धांतावरून सोळाव्या शतकात पश्चिमेचे चर्च फुटले, त्याच्या मूलभूत बाबींवर दोन्ही बाजू सहमत असल्याचे त्यांनी जाहीर केले. उरलेले फरक आता एकमेकांना बहिष्कृत करण्याइतके मोठे नाहीत, असे म्हटले. 2006 मध्ये मेथॉडिस्टही त्यात सामील झाले. सिद्धांत तोच होता आणि कोणीही तो क्षुल्लक ठरवला नाही. मध्यबिंदू कोणता आणि त्याभोवतीची मांडणी कोणती, हे वेगळे पाहण्याची तयारी तेवढी नव्याने आली होती.

परंतु दुय्यम मानलेल्या गोष्टी सदैव दुय्यमच राहतात का? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आवश्यक बाबींत ऐक्य, अनावश्यक बाबींत स्वातंत्र्य, सर्व बाबींत प्रीती, या सतराव्या शतकातल्या लोकप्रिय सूत्रात त्याचे उत्तर नाही. हे सूत्र पुष्कळदा चुकीने संत ऑगस्टीनच्या नावावर सांगितले जाते. ते सुंदर आहे, पण आवश्यक काय हे ठरवायचे कसे, याविषयी ते गप्प आहे.

गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला प्रसंग पाहा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून काही जण आल्यावर तो मागे सरू लागला आणि वेगळा राहू लागला. त्याने एकही सिद्धांत नाकारला नव्हता, फक्त जेवणाची पंगत बदलली होती. तरीही पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर विरोध केला, कारण त्याच्या मते हे वागणे सुवार्तेच्या सत्याला सोडून होते. रोमकरांस पत्रात जो पौल खाण्यापिण्याच्या बाबतीत इतका उदार आहे, तोच येथे जेवणावरून प्रेषिताशी भांडतो. यात विसंगती नाही. रोममध्ये कोणी काय खातो हा प्रश्न होता. अंत्युखियात कोण कोणाबरोबर बसू शकतो हा प्रश्न होता, आणि ख्रिस्ताने ज्यांना एक केले त्यांना ताटावरून पुन्हा दोन करणे म्हणजे वधस्तंभाने साधलेले नाकारणे होते.

आपल्याकडच्या इतिहासात ही दोन्ही उदाहरणे जशीच्या तशी भेटतात. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांची आणि वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांची पत्रे अग्रक्रमाच्या प्रश्नाच्या दृष्टीने मराठी ख्रिस्ती समाजाने पुन्हा पुन्हा वाचावीत अशी आहेत. त्रैक्यासारखे सिद्धांत केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारायला रमाबाई तयार नव्हत्या. आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहोत, धर्मगुरू किंवा बिशप यांच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक शब्दाने बांधलेल्या नाही, अशी त्यांची भूमिका होती. दुसरीकडे त्यांचे शाकाहारी राहणेही सिस्टरांना खटकत होते. त्यांना त्यात जुन्या जातीच्या अभिमानाचा अंश दिसत होता. मला वाटते की येथे सिस्टरांनी पहिल्या आणि तिसऱ्या दर्जाचे प्रश्न एकाच ताणाने ओढले. त्रैक्याविषयी त्यांची चिंता योग्य होती, कारण तो प्रश्न पायाचा होता. पण रमाबाईंच्या ताटात काय आहे याने सुवार्तेला काही बाधा येत नव्हती, कारण त्या आहारामुळे कोणीही पंगतीबाहेर ढकलले जात नव्हते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये टाकून दिलेल्या विधवा आणि दुष्काळातून वाचवलेल्या मुली यांना त्यांनी जातीचा विचार न करता एका छताखाली आणले, ही या गोष्टीची सर्वांत मोठी साक्ष आहे. नंतर लिहिलेल्या आत्मकथनात रमाबाईंनी स्वतःच म्हटले आहे की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला. सिद्धांतांच्या क्रमाविषयी याहून नेमके विधान मराठी मातीतून क्वचितच आले असेल.

याच्या उलट उदाहरण तमिळ प्रदेशातले आहे. तंजावर आणि आसपासच्या जुन्या मंडळ्यांत उच्च मानल्या जाणाऱ्या जातींतील ख्रिस्ती लोक उपासनेत वेगळे बसत, आणि प्रभुभोजनातही हा भेद पाळला जाई. अनेक मिशनऱ्यांनी हा केवळ सामाजिक रिवाज आहे, विश्वासाचा प्रश्न नाही, असे समजून ते चालू दिले होते. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतील जातिभेद ठामपणे, तत्काळ आणि कायमचा सोडला पाहिजे असा आदेश काढला. वेल्लाळ या उच्च मानल्या जाणाऱ्या जातीतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे मंडळी सोडून गेली. विल्सन यांची भाषा कठोर होती आणि तिच्यात परकीय सत्तेचा सूर होता, हे मान्य केले तरी अग्रक्रमाच्या बाबतीत ते बरोबर होते. जात ही गौण बाब आहे असे म्हणणाऱ्यांनी तिला सिद्धांतांच्या यादीत शोधले आणि ती तेथे सापडली नाही. अंत्युखियाच्या पंगतीत त्यांनी तिला शोधायला हवे होते. आज महाराष्ट्रातील ज्या ख्रिस्ती घरांत सोयरिकीच्या वेळी पूर्वीची जात विचारली जाते, तेथेही हाच प्रश्न आहे, आणि बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून यापेक्षा तो कितीतरी अधिक पायाशी आहे.

जर्मनीत 1548 नंतर असाच एक वाद झाला होता. सम्राट पाचव्या चार्ल्सने जिंकलेल्या प्रॉटेस्टंट प्रदेशांवर जुने विधी पुन्हा लादले, तेव्हा ल्यूथरचा सहकारी मेलांख्थन म्हणाला की हे विधी गौण आहेत, ते पाळले तरी चालेल. फ्लाकियस या दुसऱ्या लुथरन विद्वानाने उत्तर दिले की जेव्हा विश्वासाची कबुली द्यायची वेळ येते आणि सक्ती होत असते, तेव्हा काहीही गौण राहत नाही. 1577 च्या लुथरन करारनाम्याने सक्तीच्या प्रसंगापुरते हे तत्त्व मान्य केले. मला ते पूर्णपणे पटते, पण त्याचा दुरुपयोगही सोपा आहे, कारण प्रत्येक मंडळी आपल्या आवडत्या मुद्द्याला कबुलीचा प्रसंग म्हणू शकते. म्हणून येथेही कसोटी तीच ठेवली पाहिजे: हा मुद्दा सोडला तर ख्रिस्ताने केलेले कार्य झाकले जाते की केवळ आपली ओळख?

आणखी एक धोका अलीकडे वाढला आहे. विश्वास ठेवला आणि दान दिले की आरोग्य व पैसा मिळालाच पाहिजे, असे सांगणारी समृद्धीची शिकवण विश्वासांगीकाराचे एकही कलम नाकारत नाही. तिचे उपदेशक त्रैक्य मानतात, पुनरुत्थान मानतात. पण त्यांच्या उपदेशात हे सारे मागे उभे असते आणि पुढे असते ते आशीर्वादाचे गणित. मग आजारी राहिलेल्या माणसाला आपला विश्वास कमी पडला असे वाटते, आणि ज्याने स्वतः दुःख सोसले त्याच्याकडे पाहण्याची वाटच त्याच्यासाठी बंद होते. सिद्धांत न नाकारताही मध्यबिंदू असा हलवता येतो.

काही सुशिक्षित ख्रिस्ती लोक या सगळ्याला कंटाळून म्हणतात की सिद्धांत नकोत, प्रीती पुरे. त्यांचा उबग मी समजू शकतो. पण ख्रिस्ती प्रीती हवेत उभी नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, या घडलेल्या गोष्टीवर ती उभी आहे. तिचा उगम, तिचे माप आणि अपयशानंतर पुन्हा उभे राहण्याचे बळ तेथूनच येते. ते सत्य काढून घेतले तर प्रीती हा केवळ आपल्या स्वभावाचा एक गुण उरतो, आणि ज्याच्या स्वभावात तो नाही त्याला सांगण्यासारखे आपल्याकडे काही राहत नाही.

बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर महाराष्ट्राने दोन मोलाचे प्रयोग पाहिले आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये देवाचा दरबार स्थापन केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य होते. बाप्तिस्मा घेणे म्हणजे समाज सोडून परक्या संस्थेत जाणे, असा अर्थ ज्या काळात झाला होता, त्या काळात ख्रिस्ताला संस्थेपुढे ठेवण्याचे त्यांचे धैर्य मला थोर वाटते. तरी शिष्य करा आणि बाप्तिस्मा द्या, ही प्रभूची एकच आज्ञा आहे. तिचा उत्तरार्ध कायम ऐच्छिक ठेवता येईल असे मला वाटत नाही. दुसरा प्रयोग 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला झाला. 1929 पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स, ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथॉडिस्ट आणि युनायटेड चर्च अशा सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांनाच तो देणारे, अशा दोन्ही परंपरांना त्यात जागा मिळाली. कोणीही आपले मत सोडले नाही. ज्या मतासाठी त्यांच्या पूर्वजांनी युरोपात छळ सोसला होता, ते मत जपूनच त्यांनी एका वेदीजवळ येणे स्वीकारले.

आज आपल्यासमोर हा प्रश्न बहुधा एका साध्या रूपात येतो. लहानपणी बाप्तिस्मा झालेला तरुण दुसऱ्या मंडळीत जातो आणि त्याला सांगितले जाते की तुझा पहिला बाप्तिस्मा खरा नव्हता, पुन्हा घे. जागतिक चर्च परिषदेच्या 1982 च्या लिमा दस्तऐवजाने बाप्तिस्मा पुन्हा होऊ शकत नाही आणि पुनर्बाप्तिस्मा समजला जाईल अशी प्रत्येक कृती टाळावी, असे म्हटले आहे, आणि मी त्याच मताचा आहे. पण केवळ प्रौढ बाप्तिस्माच शास्त्रोक्त मानणाऱ्या बंधूंना हे मान्य होणार नाही, कारण त्यांच्या दृष्टीने पहिल्या वेळी बाप्तिस्मा झालेलाच नसतो. त्यांच्या सद्सद्विवेकावर मी दडपण आणू इच्छित नाही. त्यांच्याकडे माझी मागणी एवढीच आहे की त्या तरुणाला पाण्यात उतरवण्याआधी, तो येशूला प्रभू व देव मानतो का आणि त्याच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो का हे त्यांनी विचारावे. उत्तर होय असेल, तर बाप्तिस्म्याविषयी त्याचे मत काहीही झाले तरी त्याला प्रभुभोजनाच्या मेजावरून परत पाठवू नये. हीच मागणी माझ्या स्वतःच्या परंपरेतील मंडळ्यांनाही आहे, आणि त्यांनी ती दृढीकरणाच्या, म्हणजे बालपणीच्या बाप्तिस्म्याची कबुली स्वतः देण्याच्या तयारीच्या, वर्गातच पुढच्या पिढीला शिकवावी: आधी ख्रिस्त कोण आहे ते, मग त्याने काय केले ते, मग तो आपल्याकडून काय मागतो ते, आणि त्यानंतर आपली मंडळी इतरांहून कोठे वेगळी आहे ते.